डब्यासारखं ठेवा, मामा

सन १९८६. माझं वय बेचाळीस. कारखान्याच्या कागदावर माझा हुद्दा चिटबॉय. मिशीत पांढरे केस आलेला बॉय. तुम्ही कॉम्प्युटरच्या कामासाठी रुजू झालात त्या दिवशी हजेरीच्या यादीत हा शब्द वाचून तुम्ही हसलात, बाई. तोंडावर हात नाही, पदर नाही, सरळ हसलात. तेवीस वर्षांच्या पोरीनं आपल्याला हसावं, हे मला लागलं. चौथी शिकलेल्या माणसाला दुसरं काही नसतं, पण हसू फार लागतं. तिथून आपलं जे सुरू झालं ते नीट कधी मिटलं नाही.

आता मिटणारही नाही. तुम्हाला जाऊन आज नववा दिवस.

परवा कारखान्याच्या गेटवर तुमच्यासाठी सभा झाली. कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, चिमणीच्या बुडाशी पिंपळ उगवलाय, पण जुनी माणसं अजून तिथंच जमतात. खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला होता, चष्म्यातला, केस पांढरे झालेला. मी तुम्हाला तसं कधी बघितलंच नव्हतं. दोघं-तिघं बोलले. मग कुणीतरी म्हणालं, "बाईंचं नाव निघालं की दगडूमामाची वही आठवती बघा." झालं. कॉम्प्युटर कसा बसला, सगळ्या नोंदी कशा गेल्या, आणि चौथी शिकलेल्या दगडूनं एका वहीवर अख्खा गट कसा वाचवला, ते सगळं पुन्हा सांगून झालं. माणसं हसली. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. तुमच्या शोकसभेत माझा सत्कार झाला, बाई. आणि मी तो घेतला. अडतीस वर्षं घेत आलोय, तसाच.

म्हणून हे लिहितो. मला लिहायची सवय आहे ती तारीख, गट नंबर, गाव आणि उसाची जात एवढीच. त्याच्यापुढं हात अडतो. चुकलं तर हसा. आता तेवढा हक्क तुमचा.

आमचं काम तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे अजून कुणीतरी वाचणार आहे म्हणून सांगतो. आपल्याला वाटून दिलेल्या गावांच्या गटात कुणी कोणत्या तारखेला ऊस लावला ते बांधावर उभं राहून लिहून घ्यायचं. त्या तारखेवर तोड ठरायची. ज्यानं आधी लावला त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी जाणार. पाणी असलेल्या सालात तारखेचं एवढं काही नसतं, महिना मागं-पुढं झाला तरी ऊस उभा राहतो. पण तो काळ तसा नव्हता. पाऊस टाळून जात होता, विहिरीच्या तळाचा खडक वरून दिसायचा. ज्याची तोड चुकली त्याचा ऊस फडातच वाळून चिपाड व्हायचा. तेव्हा वहीतली एक तारीख म्हणजे एका घराचं एक साल होतं. ती तारीख मी लिहायचो, कॉपिंग पेन्सिलीनं, टोक जिभेला लावून. जीभ कायम जांभळी. पुढं तुम्ही मला चिडवायच्या, "मामा, जीभ दाखवा, आज किती नोंदी झाल्या ते बघते." मी जीभ दाखवायचो नाही. पण वाईट वाटायचं म्हणाल, तर तसंही नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा अख्खा कारखाना बघायला लोटला होता. त्याच्या खोलीला गारव्याची मशीन बसवली, दारात चपला काढायचा हुकूम झाला. चेअरमननी नारळ फोडला आणि पेटीच्या कपाळावर हळदकुंकवाची बोटं ओढली. तुम्ही बाजूला उभ्या होतात, हातात फडकं घेऊन. सगळे बाहेर पडल्यावर तुम्ही ती बोटं पुसलीत. मी दारातून बघितलं. मला त्याचा राग आला होता. का पुसलीत ते विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग ती बैठक. नोंदींची नक्कल कशावर ठेवायची, ह्याच्यावर साहेबांच्या खोलीत अर्धा दिवस गेला. साहेब म्हणजे आपले शेतकी साहेब. मी दाराशी उभा, कारण मला डायऱ्या घेऊन बोलावलं होतं आणि बसा म्हणायला सगळे विसरले होते. पुण्याहून आलेला कंपनीचा माणूस म्हणत होता, टेप घ्या, कॅसेटसारखी असते, सगळं एकीवर मावतं. पण तिला वेगळी मशीन लागत होती, साहेबांनी मान हलवली. मग निघालं, छापून ठेवू, त्या लांबलचक भोकाभोकाच्या कागदावर. तुम्ही विचारलंत, "ठेवणार कुठं? गोडाऊनला? बारदानाशेजारी? तिथं वाळवी माणसांच्या चपला सोडत नाही." राहिल्या फ्लॉप्या. तुम्ही एक काढून टेबलावर ठेवलीत. काळी, चौकोनी, हातात धरली की पापडासारखी वाकणारी, मधे एक लांबट खिडकी आणि खिडकीत आतली तपकिरी कातडी दिसणारी.

मला राहवलं नाही. "ह्याच्यात सगळ्या गटांचा ऊस?"

"आहे, मामा."

"मग वाचून दाखवा की."

"अशी नाही वाचता येत. मशीन लागते."

"मशीनला लाईट लागती. लाईट कवा असती ती तुमाला ठावं हाय. माझ्या वहीला नुसते डोळे लागत्यात."

"आणि वही जळाली तर?"

"का जळंल?"

"भिजली? हरवली? गाईनं खाल्ली?"

साहेब हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "वही वाईट असं मी म्हणत नाही. एकटी आहे, हे वाईट. एकच प्रत असली म्हणजे ती नाहीच असं समजायचं. तीन हव्यात. तिन्ही एका जातीच्या नकोत. आणि एक तरी दुसऱ्या गावाला हवी."

'जातीच्या' म्हटल्यावर साहेबांच्या शेजारचा कारकून उगीच खाकरला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंही नाही. तुमचं आडनाव सगळ्यांना माहीत होतं, तुमच्या वडलांनी छप्पन सालीच बौद्ध धर्म घेतल्याचंही माहीत होतं. खाकरण्याला तेवढं पुरत होतं.

दुसरं गाव म्हणून तुम्ही आमचं गाव निवडलंत. कारखान्यापासून सायकलवर तासाभराचं. घर बघायला तुम्ही स्वतः आलात. माळवदाचं, मातीच्या छताचं घर, हातभर जाडीच्या भिंती. आतल्या खोलीत भर उन्हाळ्यात भिंतीवर तळहात ठेवून तुम्ही म्हणालात, "कारखान्यातल्या मशीनपेक्षा इथं बरा गारवा आहे, मामा. आणि भुशाची धूळ नाही." मला छाती फुगल्यासारखं झालं. बायकोनं पाणी दिलं. तुम्ही गेल्यावर तिनं ते भांडं वेगळं काढून राखेनं घासलं. तुम्ही पायरीपर्यंतच गेला होतात, तुम्हाला ते दिसलं. मलाही दिसलं. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. बघा, न बोलायची सवय आपल्याला तेव्हापासूनची.

पत्र्याचा बिस्किटाचा मोठा डबा तुम्ही आणला होतात. त्यात बारा फ्लॉप्या, प्रत्येक आपल्या कागदी खिशात. उन्हात नको, ओलीजवळ नको, रेडिओजवळ नको, खिडकीला बोट नको. महिन्याला एकदा मी डबा सायकलला बांधून कारखान्यात आणायचा, तुम्ही नव्या नोंदी चढवायच्या, मी परत न्यायचा.

मी म्हणालो, "काळजी करू नका, बाई. देवासारखं जपतो."

"देवासारखं नको," तुम्ही म्हणालात. "डब्यासारखं ठेवा, मामा. ठेवा आणि विसरा."

हे वाक्य मी अडतीस वर्षांत एक दिवस विसरलो नाही.

त्याच उन्हाळ्यात हुकूम निघाला, ज्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढल्या त्यांनी डायऱ्या गोडाऊनला जमा करायच्या. सगळ्या चिटबॉयनी केल्या. मीही निघालो होतो. होय, निघालो होतो. डायरी काखेत मारून गोडाऊनच्या वाटेवर होतो, आणि तुम्ही खिडकीतून हाक मारलीत.

"मामा, कुठं चाललात?"

"जमा कराया. हुकूम हाय."

"देऊ नका. सापडत नाही म्हणून सांगा. घरी डब्याशेजारी ठेवा."

"तुमीच तर म्हनता, वहीचा काळ गेला."

"मी असं कधी म्हणाले? ती तिसरी प्रत आहे. वेगळ्या जातीची." मग खालच्या आवाजात म्हणालात, "बाकीच्यांनाही सांगितलं. माझं कोण ऐकतंय?"

मी ऐकलं. तुमचं पटलं म्हणून नाही, बाई. डायरी सोडवत नव्हती आणि तुम्ही निमित्त दिलंत. पण ती घरी राहिली ती तुमच्या सांगण्यानं. हे मी आजवर एका माणसाला सांगितलेलं नाही. सगळीकडं सांगितलं ते असं, की दगडूला आतूनच कळलं होतं, मशीनवर भरवसा नको. ह्याच्यावर टाळ्या पडतात. खऱ्यावर पडल्या नसत्या.

आता नवमीचं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. ज्याचं पोट ज्याच्यावर त्यानं ते पुजायचं. सुताराची पटाशी, शेतकऱ्याची कुळवाची फास, माझी मोजणीची साखळी, पेन्सिल आणि डायरी. पाटावर सगळं मांडलं. मग डब्याकडं नजर गेली. मला वाटलं, हाही आपल्याच कामाचा. अख्ख्या कारखान्याचा ऊस आपल्या घरी राहायला आलाय आणि त्याला नुसतं अंधारात कोंडून ठेवायचं? चेअरमननी पेटीला लावलं तेव्हा काय झालं, काही नाही. मी डबा उघडला. बाराही काढल्या, कागदी खिशातून बाहेर. पाटावर तीन ओळी केल्या. कपाळ कुठलं ते कळेना. मग ती लांबट खिडकी दिसली, आतली तपकिरी कातडी दिसणारी. मला वाटलं, हेच हिचं तोंड, इथंच लावायचं. हळद कालवलेली होती, कुंकू ओलं होतं. बारा जणींना बारा बोटं लावली. वर अक्षता टाकल्या. बायकोनं ओवाळलं. वाळू दिल्या आणि जशा होत्या तशा खिशात घालून डब्यात ठेवल्या.

मी हे मोठ्या मायेनं केलं. हे तुमच्या फोटोसमोर बोलायला पाहिजे होतं. एवढी माया मी त्या घरात माणसांवरसुद्धा केली नव्हती.

दिवाळी झाली, डब्याची महिन्याची फेरी अजून व्हायची होती, तोच गाळप सुरू झालं. कारखान्याचं स्वतःचं टर्बाइन फिरलं, लाईट दोन-तीनदा गेली-आली, आणि मशीनच्या पोटातली चकती बसली. तुमच्या खणात फ्लॉप्यांचा पहिला संच होता, त्यातल्या निम्म्या भुशाच्या धुळीनं खाल्ल्या होत्या, आणि त्यांच्यावाचून उरलेल्या वाचल्या जात नव्हत्या. तोडणीचा कार्यक्रम अडला. टोळ्या गाड्या जुंपून बसलेल्या, साहेबांच्या खोलीबाहेर माणसांची झुंबड. तुम्ही मात्र शांत. मला म्हणालात, "मामा, डबा आणा." मी तासाची वाट अर्ध्या वेळात मारली. घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला, पण मन वर. आज दगडूच्या घरातून कारखाना चालू होणार.

तुम्ही डबा उघडला. पहिली फ्लॉपी खिशातून काढून मशीनच्या फटीत घातलीत. खर्र असा आवाज झाला. तो आवाज तुम्हाला नवा होता, तुमची मान एकदम वर झाली. फ्लॉपी बाहेर काढलीत, उजेडात धरलीत. मग दुसरी खिशातून ओढलीत, आणि तिच्याबरोबर एक तांदूळ टेबलावर पडला. एकच. पिवळा.

साहेब तुमच्या मागं उभे होते. मी समोर होतो. तुम्ही त्या तांदळावर बोट ठेवलंत, आणि माझ्याकडं बघितलंत.

बाई, किती वेळ बघितलंत? मला वाटतं, एक माणूस सावकाश म्हणेल, "साहेब, ह्ये म्या केलंय," तेवढा वेळ. त्याच्यापेक्षा जास्तच. तुम्ही वाट बघितलीत. मी तुमच्या बोटाकडं बघत राहिलो. वर डोळा केला नाही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "लाल कशानं झालंय?"

तुम्ही फ्लॉपी खिशात सरकवलीत. बोट तसंच ओढत टेबलाच्या कडेपर्यंत नेलंत, तांदूळ खाली पडला. "गंज," तुम्ही म्हणालात. "आतला थर उतरलाय. ठेवायची जागा मी निवडली होती. माझी निवड चुकली."

पुढचे दोन दिवस तुम्ही स्पिरिट आणि कापूस घेऊन बसलात. कुंकवाची पूड आत गेली होती, पुसावी तसे ओरखडे पडत होते, आणि पहिल्या फ्लॉपीनं मशीनचंही तोंड खराब केलं होतं. दोन दिवसांनी तुम्ही साहेबांना सांगितलंत, नोंदी परत येणार नाहीत. साहेब म्हणाले, खुलासा लिहून द्या. तुम्ही तीच ओळ लिहून सही केलीत. तुम्ही हंगामी होतात. दुसऱ्या खुलाशाची कुणाला गरज पडली नाही.

गोडाऊनमधल्या डायऱ्या काढल्या, तर वरचं पुठ्ठ्याचं कव्हर तेवढं शाबूत आणि आत वाळवीची माती. तेव्हा मी निकामी फ्लॉप्यांचा डबा घेऊन घरी गेलो आणि माझी डायरी आणली. सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली. साहेबांनी मला मिठी मारली.

तुम्हाला कामावरून काढलं आणि तुम्ही निघालात त्या दिवशी मी गेटवर होतो. तुमच्या हातात एक पिशवी, मागं कुणी नाही. तुळजापूरची येस्टी यायला वेळ होता. मी म्हणालो, "बाई, ते..."

"पहिल्याच फ्लॉपीला कळलं मला, मामा. कुंकू ओळखू येणार नाही होय?"

"मग बोलला का न्हाय?"

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी लहान मूल असावं. "मी बोलू? हळदकुंकवानं वाटोळं झालं, हे मी बोलू? माझ्या तोंडून? मग फ्लॉपी राहिली असती बाजूला आणि सगळी गाडी माझ्या आडनावावर आली असती. पूजेला नावं ठेवते, देवाला नावं ठेवते. चार दिवसांत माझ्या बापाच्या दारापर्यंत गेलं असतं." मग म्हणालात, "तुम्ही बोलायला पाहिजे होतं. तुम्ही बोलला असता तर काय झालं असतं? लोक तुम्हाला नुसते हसले असते."

नुसते हसले असते. बरोबर तेवढंच मला नको होतं. तुम्हाला कळलं होतं, बाई, आणि माझ्या तोंडावर सांगून तुम्ही येस्टीत चढलात. त्याचा राग मी कितीतरी वर्षं धरला. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर उलटून बोलता आलं असतं. तुम्ही खरं बोललात आणि बसलात खिडकीशी. हात सुद्धा हलवला नाहीत.

मग सर्वसाधारण सभा आली. मंडपात मला शाल, नारळ, फेटा. चेअरमन म्हणाले, "मशीन हरली, आपला दगडू जिंकला." मी फेटा सावरत हात जोडले. माझ्या गटाची तोड तारखेप्रमाणं झाली, एकाचाही ऊस वाळला नाही. हे खरं आहे. ते मी अभिमानानं सांगत आलो.

जे सांगत नाही ते असं. बाकीच्या गटांत तारखाच उरल्या नव्हत्या. ज्याचा आवाज मोठा त्याची तारीख आधीची. आमच्या शेजारच्या गावात चंद्रकलाबाई, नवरा गेलेली, एका विहिरीवर एक एकर ऊस. तिनं सगळ्यांच्या आधी लावला होता, बांधावरून जाताना मी स्वतः तिचं बेणं बघितलं होतं. पण गट दुसऱ्याचा, डायरी वाळवीनं खाल्लेली. ती माझ्याकडं आली. "दादा, तुमच्या वहीत न्हाय का हो माझं? कुठंतरी कोपऱ्याला?"

"न्हाय. तुमचा गट येगळा."

"मग माझं गेलं कुठं?"

"कॉम्प्युटरनं खाल्लं."

तिला कॉम्प्युटर काय ते ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी तिला सांगितलं होतं की एका पोरीच्या हातानं सगळं गेलं. तिनं तिथं, माझ्या दारातल्या ढेलजेत उभं राहून तुम्हाला शिव्या दिल्या, बाई. मोठ्यानं, हात वर करून. तुमच्या हाताला किडे पडो म्हणाली, तुमचं घर बसो म्हणाली. आत बिछान्याखाली तो डबा होता. मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, "जाऊ द्या, मावशी." तिची तोड उन्हाळ्यात आली. तोवर टोळीनं कोयता लावावा असं फडात काही उरलं नव्हतं. बैलांनीसुद्धा तोंड लावलं नाही.

आपण एकदाच भेटलो पुढं. तुळजापूरच्या येस्टी स्टँडवर, पंधरा-वीस वर्षांनी. तुम्ही लातूरला बँकेत लागला होतात, बरोबर लेक होती. तुम्हीच ओळखलंत मला.

"मामा! जीभ दाखवा."

मी हसलो. काय करणार.

"वही आहे का अजून?"

"हाय की."

"दुसरी प्रत काढली का?"

"कशाला? डोळं हायेत अजून."

"तुम्ही नाही सुधारणार," म्हणालात, आणि मग सहज विचारल्यासारखं, "आणि त्या बारा जणी?"

"डब्यात."

"फेका की आता."

"न्हाय."

तुम्ही मान हलवलीत. लेकीला म्हणालात, "हे दगडूमामा. ह्यांच्यासारखं सामान कुणी जपलं नाही." तुम्ही टोमणा मारला होता का मनापासून म्हणालात, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग तुम्ही थांबलात. ते थांबणं मी ओळखलं, टेबलाशी थांबला होतात तसंच होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. येस्टी लागली, माणसं धावली, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, मला सुटल्यासारखं वाटलं.

आता सांगा, भांडण कुणी जिंकलं? कागद का फ्लॉपी? लोक म्हणतात कागद. मी कधी नाही म्हटलं नाही. पण तुमचं म्हणणं कागदाचं नव्हतंच आणि फ्लॉपीचंही नव्हतं. तुमचं म्हणणं होतं की काहीही एकटं ठेवू नका. कुठल्या वस्तूवर ठेवायचं, कुणाच्या घरी ठेवायचं, हे तुम्ही बघून निवडत होतात. फ्लॉपी तुम्ही बरोबर निवडलीत. भिंतीही बरोबर निवडल्यात. भिंतीच्या आतला माणूस तेवढा चुकला.

त्या दिवशी नवमीला काय झालं हे तिघांना माहीत होतं. बायकोला माहीत होतं, ती कधीच गेली. राहिलो तुम्ही आणि मी. नऊ दिवसांपूर्वी तुमची प्रत गेली. परवा गेटवर माणसं हसत होती तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आता हे एकाच जागी आहे. ऐंशी वर्षांच्या, साखरेचा आजार असलेल्या, हट्टी माणसाच्या डोक्यात. तुमच्या नियमानं, म्हणजे नाहीच.

फ्लॉप्या मी बिघडवल्या. तुमच्यावर आलं ते माझं होतं. डायरी राखली ती तुम्ही. दगडू चिटबॉय, स्वतःच्या हातानं लिहिलं.

हे पुढचं फक्त माझ्या प्रतीत आहे.

वरचं लिहून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या येस्टीनं तुळजापूरला गेलो. देवीच्या रस्त्याला झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं एक झेरॉक्स काढली. दुकानवाला म्हणाला, "आजोबा, पेन ड्राइव्हवर पण टाकू का?" मी विचारलं, ते वाचायला काय लागतं. म्हणाला, मशीन. मी म्हणालो, "टाका. सगळ्या एका जातीच्या नकोत." त्याला काही कळलं नाही. झेरॉक्स तुमच्या लेकीच्या पत्त्यावर लातूरला रजिस्टर पोस्टानं टाकली. पेन ड्राइव्ह घेऊन शेजारच्या गावाला चंद्रकलाबाईकडं गेलो. म्हातारी अजून आहे, कान चांगले आहेत, डोळे गेलेत. उंबऱ्याशी बसून चष्मा लावला आणि तिला सगळं वाचून दाखवलं, तिच्या शिव्यांसकट. वाचून झाल्यावर ती गुडघ्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हंजी त्या पोरीला म्या दिलेल्या शिव्या वायाच की रं. त्या आता कुठं ठिवू?"

मी म्हणालो, "मला द्या."

तिनं दिल्या. एकही विसरली नव्हती.

पेन ड्राइव्ह तिच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला, दुसऱ्या गावाला एक हवी म्हणून. घरी येऊन ही प्रत डब्यात ठेवली, बारा जणींच्या वर. झाकण दाबून बसवलं. हळदकुंकू लावलं नाही.